सत्काराची केळी

सत्काराची शाल दिसली की माझं डोकं आजही तापतं. जळगावच्या उन्हाळ्यात माणसाला शाल पांघरवणं हा मुळातच वेडेपणा आहे, पण माझा राग त्यासाठी नाही. त्या रविवारी शालींचा गठ्ठा मीच मागवला होता, राग त्याचा आहे.

आमच्या पट्ट्यासाठी एक आराखडा जाहीर झाला होता. जळगावपासून धुळ्यापर्यंत जलद बसगाड्यांचा वेगळा मार्ग आणि त्याच्या कडेने नव्या वसाहती. नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागला तेव्हा कळलं की धुळे रस्त्यालगतची आमची अख्खी आळी त्या मार्गाखाली जाते. नकाशात आळी नव्हतीच. तिथे नुसता पिवळा पट्टा होता. ज्यांची घरं जातील त्यांचा नव्या वसाहतीत ‘प्राधान्याने विचार केला जाईल’, असं खाली बारीक अक्षरात छापलं होतं. विचार केला जाईल म्हणे! विचारात काय चूल मांडता येते?

आळीच्या टोकाला अक्का राहतात. माहेर दोंडाईचाचं, नवरा भुसावळला रेल्वेत. तो निवृत्त झाल्यावर दोघांनी ही जागा घेऊन घर बांधलं आणि परसात केळी लावली. नवरा गेला, आता घर आणि केळी सांभाळत त्या एकट्या असतात. नकाशा पाहून आल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “सर, मना घरनी जागावर पिवळा रंग शे. तठे मी राहस, हे त्यासले कोन सांगी?”

सांगायची सोय मी करणार होतो. मी आमच्या वाचनालयाचा चिटणीस. त्याआधी उभा जन्म शाळेत शिकवण्यात आणि वादविवाद स्पर्धा घेण्यात गेला. दोन्ही बाजूंना सारखा वेळ, टेबलावर पितळी घंटा, तीन मिनिटं झाली की टण्. या घंटेवर माझी फार श्रद्धा. ठरवलं, आराखड्यावर जाहीर चर्चा घ्यायची. साहेबांनी त्यांची बाजू मांडावी, मग आळीच्या लोकांनी प्रश्न विचारावेत आणि साहेबांनी तिथेच उत्तरं द्यावीत. साहेब म्हणजे आराखड्याचे प्रमुख अधिकारी. ते लगेच यायला तयार झाले, आणि मी हुरळून गेलो.

आता आमच्याकडे पाहुणा आला की त्याचा सत्कार केल्याशिवाय सभा सुरू होत नाही. साहेबांचा करायचा म्हणजे त्यांच्या हाताखालच्या दोघांचा करावा लागतो. मग आजी-माजी नगरसेवक, मग सभागृहाचे पंखे ज्यांनी दिले ते नाना. एकाला वगळलं तर तो पुढची दहा वर्षं रुसून बसणार. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही मी यादी केली, शाली आणवल्या, नारळ आणवले. वर एक अक्कलहुशारी केली. साहेबांचा सत्कार अक्कांच्या हातून करायचा, असं मीच सुचवलं. ज्या बाईचं घर पाडायचं आहे तिच्याकडे साहेबांना एकदा तरी समोरासमोर बघावं लागेल, असा माझा डाव होता.

अक्कांनी नारळ नको म्हटलं. पाहुण्याला घरचं काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी परसातली पिकलेल्या केळ्यांची एक भली मोठी फणी आणली. नऊवारीचा पदर नीट करून त्या पायऱ्या चढल्या, साहेबांच्या हातात फणी दिली आणि सवयीने वाकून नमस्कार केला. साहेब हसले, पण ते फोटो काढणाऱ्याकडे बघून. अक्कांकडे त्यांनी बघितलंच नाही.

मग सत्कार सुरू झाले ते संपेनात. सूत्रसंचालकाच्या हातात खालून चिठ्ठ्या येत होत्या, ‘यांचाही सत्कार व्हावा’. पत्र्याखाली माणसं घामाने निथळत होती. मी घंटेसमोर बसून होतो. सत्काराला घंटा वाजवायची पद्धत नाही, म्हणून हात वर करूनही पुन्हा मांडीवर ठेवत होतो. त्यानंतर साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. काचेचे बसथांबे, हिरवी झाडं, सायकलवरची गोरीगोमटी मुलं. तीन मिनिटं कधीच उलटून गेली होती, पण पाहुण्यावर घंटा कशी वाजवायची? बोलणं झाल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “धुळ्याला कार्यक्रम आहे, माफ करा. तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या.” अजून कुणी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं! शाल, नारळ आणि केळ्यांची फणी घेऊन गाडी निघून गेली.

उरलेल्यांची चर्चा झाली. अक्का तिसऱ्या. हातातल्या कागदाची चुरगळून गोळी झाली होती. रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांनी सुरुवात केली, नवऱ्याने पाया कसा खणला तिथून. पिवळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचायच्या आत तीन मिनिटं झाली, आणि टण्. मीच वाजवली. इतक्या वर्षांची सवय हाताला, डोकं कुठे चालतं? अक्का दचकल्या, “बरं” म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्या ‘बरं’ची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. साहेब, केळ्यांची फणी, वाकलेल्या अक्का. खाली ओळ: ‘आराखड्याबद्दल परिसरातर्फे अधिकाऱ्यांचा सत्कार’. तळपायाची आग मस्तकात गेली. मी पेपरवाल्यांना फोन केला. तिकडून शांतपणे विचारलं गेलं, “सर, सत्कार झाला होता ना?” झाला होता.

पुढे कार्यालयात हरकतींची सुनावणी लागली. अक्कांनी लेखी हरकत दिली होती, मी सोबत गेलो. साहेबांनी फाईल उघडली. तेच कात्रण त्यात टाचलेलं होतं. ते आमच्याकडे फिरवून म्हणाले, “आजी, तुम्हीच तर आमचा सत्कार केलात. मग आता हरकत कसली?”

मी उभा राहिलो. आवाज चढला होता, चढू दिला. “सत्कार मी ठरवला होता, साहेब. तो पाहुण्याचा होता, आराखड्याचा नव्हता. आणि प्रश्न विचारायच्या आधी तुम्ही उठून गेलात, हे मी लिहून आणलंय.” कागद टेबलावर आपटला. तो फाईलीत लावायला त्यांनी कारकुनाला खूण केली. वर मला म्हणाले, “कार्यक्रम मात्र फार नीटनेटका होता हं तुमचा.”

तेवढ्यात अक्का बोलल्या. इथे घंटा नव्हती. “सायेब, मी पाव्हणाले केया दिन्ह्यात. घर नही दिन्हं.”

खोलीतले दोघे-तिघे कारकून मान वर करून बघायला लागले. साहेबांनी वातावरण हलकं करायला हसून म्हटलं, “केळी पण काय गोड होती हो आजी! आमच्या घरी सगळ्यांना आवडली. कुठली होती?”

अक्कांनी कोपऱ्यातल्या टेबलावर पसरलेला नकाशा पाहिला. उठून तिथे गेल्या, पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “आठली.”