लाल ठिपका नसलेली डिस्क

ढाणकीच्या कॉम्प्युटरवाल्यानं मला दोनदा फसवलं. पहिल्यांदा जुनाच पार्ट नवा म्हणून गळ्यात मारला. दुसऱ्यांदा माझ्या आईचा आवाज नेला. पहिल्याचं मी त्याच्याकडून वसूल केलं. दुसऱ्याचं अजून व्हायचं आहे.

मी बंजारा तांड्यावरची. बांगड्यांची टोपली घेऊन आठवडी बाजार केले, आता ढाणकीत साड्यांचं दुकान आहे. मला जे शहाणपण आहे ते बाजारानं दिलं. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही, आपल्या वस्तूला आपणच नावं ठेवायची, म्हणजे समोरचा भाव चढवत नाही. आणि हातातून जाऊन परत येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. फॉल-पिकोला दिलेली साडी असो की दुरुस्तीला दिलेला मिक्सर, ठिपका बघितल्याशिवाय मी ती परत घेत नाही.

कॉम्प्युटर मुलीच्या अभ्यासासाठी घेतला होता. ती पुसदला शिकायला गेली आणि तो पुढच्या खोलीत राहिला, याडीच्या पलंगासमोर. आम्ही आईला याडी म्हणतो. माझी याडी ढावलो म्हणायची. लग्नात सासरी निघालेली मुलगी गळ्यात पडून जे रडगाणं म्हणते, ते. आमच्या तांड्यातल्या कितीतरी नवऱ्या मुली तिच्याकडून ते शिकून गेल्या. मुलीनं एकदा तिला बसवून सगळे ढावले मोबाइलमध्ये भरून घेतले आणि मोबाइल भरला म्हणून कॉम्प्युटरवर टाकले. पुढे तो मोबाइल गेला. मग याडीला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीनं सहज ती गाणी लावली, आणि याडीचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण गाण्यातला शब्द येईल तसे ओठ फिरत होते. मग मी रोज सकाळी लावायला लागले. ढावल्याच्या ओळी आईलाच हाक मारत संपतात. एके सकाळी ओळ संपली आणि याडीच्या घशातून घोगरं, फाटकं, पण स्पष्ट आलं, "याडी." त्या दिवशी मी दुकान उघडायला विसरले.

त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बिघडला. बटण दाबलं की पंखा घुमायचा, पडद्यावर ठिपक्यांचं रिंगण फिरायचं, आता सुरू होणार असं वाटायचं आणि सगळा पडदा निळा व्हायचा. मग आपोआप बंद, आपोआप चालू, परत निळा. याडी पलंगावरून बघत राहायची. तो निळा उजेड तिच्या चेहऱ्यावर यायचा, जायचा. मी वायर काढून टाकली की ती माझ्याकडे बघायची, जणू मीच तिला गप्प केलं.

दुकानात नेण्याआधी मी त्याचं झाकण उघडून आतल्या प्रत्येक तुकड्यावर ठिपका दिला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "रॅम गेली काकू. नवीन टाका लागते." टाक म्हटलं. काही दिवस चाललं, मग पुन्हा निळा पडदा. झाकण काढून बघते तर त्याची 'नवीन' रॅम माझाच लाल ठिपका लावून बसलेली. नुसती खोडरबरानं घासून चकचकीत केली होती.

मी त्याला जाब विचारायची तयारी करत होते, तेवढ्यात मुलीनं फोनवरून एक युक्ती सांगितली. ती केली आणि कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे जेमतेम चालण्यापुरता, उघडला. पडदा काळा, अक्षरं मोठी. याडीच्या नावाचं फोल्डर होतं. एक गाणं दाबलं. खालची रेघ पुढे सरकत गेली, गाणं चालू असल्याचं दिसत होतं, पण आवाज नाही. याडी मान वळवून बघत होती, तोंड अर्धं उघडं. ती रेघ टोकाला जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो.

मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. "गाणे दिसून राह्यले, पण आवाज काहून नाही?"

"सेफ मोडमधी आवाज येतच नाही काकू. चालू ठेवसान तं डिस्क जाईन. बंद करा अन् तसाच आना."

मी बंद केला. दुकानात नेऊन आधी रॅम त्याच्या काउंटरवर आपटली. चार गिऱ्हाइकं उभी होती. ठिपका बघून तो हसला. "काकू, तुमी कॉम्प्युटरले बी कुकू लावता काय?"

"लावतो. अन् ज्यानं चोरलं त्याले सोडत नाही."

गिऱ्हाइकं हसली. त्याचं तोंड उतरलं. "ठेवा मंग. फुकट करून देतो." आणि मग वहीकडे बघत म्हणाला, "अंदर काही ठेवाचं हाय काय?"

हा प्रश्न मी ओळखते. हो म्हटलं की फुकटचं काम महाग होतं. मी म्हणाले, "काय ठेवाचं हाय त्याच्यात? भंगार हाय."

कॉम्प्युटर आला तो झटक्यात सुरू झाला. निळं काही नाही. याडीचं फोल्डरही नाही. झाकण काढलं. रॅमवर ठिपका होता, पंख्यावर होता. गाणी जिच्यात असतात त्या डिस्कवर नव्हता. मी तडक त्याच्या दुकानात गेले.

"जुनी खराब होती," तो म्हणाला. "तुमीच म्हनलं, अंदर काही नाही."

"कुठं हाय ती?"

"भंगारात गेली असंन."

असंन! जो माणूस जुनी रॅम घासून मलाच विकतो, तो डिस्क भंगारात टाकेल? मी भंगारवाल्याकडे जाऊन पोतं उलटं करून आले. त्यात ती नाही.

मी भंगार म्हणाले, ते भाव पाडायला. बाजारात बसणारा प्रत्येक जण असं बोलतो आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. फोनवर मी गाण्यांचं सांगितलं होतं, तेही त्यानं ऐकलं होतं.

आता रोज सकाळी कॉम्प्युटर बिनचूक सुरू होतो. सुरू होताना त्याची छोटी धून वाजते. याडी मान वळवते, ओठ उघडते, वाट बघते. मग ओठ मिटतात. परवापासून ती मानही वळवत नाही.

म्हणून सगळ्या ढाणकीसमोर विचारते. खराब होती तर दाखव. पुसली असशील तर तसं तोंडावर सांग. आणि विकली असशील, तर लाल ठिपक्याची ती डिस्क कोणाच्या घरात बसवलीस, त्याचं नाव सांग. मी त्याच्या दारात जाईन, आणि यावेळी भाव करणार नाही.