गाडीची खांदेमळणी

जालन्यात मास्तरकीत बरीच वर्षं काढल्यावर मी एक जुनी गाडी घेतली. तोवर आमच्या घरची वाहनं म्हणजे बैलगाडी आणि माझी सायकल. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे बैलांचे खांदे मळायच्या खांदेमळणीच्या दिवशी, वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावी गाडी घेऊन पोचलो, अंगणात लावली आणि मित्रांना भेटायला गेलो. सण झाला की बाबा आणि आई पहिल्यांदाच आठ दिवस आमच्याकडे येणार होते. तीन वर्षं मी मागे लागलो होतो आणि दर वर्षी बाबांना न येण्याचं कारण सापडत होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिशव्या गाडीत ठेवून चावी फिरवली, तर इंजिन आचके देऊ लागलं आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला.

"हे काय म्हणून राह्यलं?" बाबांनी विचारलं.

"इंजिनात काही बिघाड आहे म्हणतं."

"मंग दुखतंय त्याला. दुखत्या जनावराला जुंपायचं न्हाई." बाबांनी आपली पिशवी खाली उतरवली.

मी घरातला पहिला बी.एस्सी. गाडीसोबतचं पुस्तक उघडलं, पेट्रोलचं झाकण घट्ट केलं, चावी पुन्हा फिरवून पाहिली. दिवा तसाच. शेवटी रस्त्यावरच्या गॅरेजमधून मिस्त्रीचाचांना घेऊन आलो. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलंही नाही.

"येताना बराबर होती ना? मंग मधी काय केलं?"

"काहीच नाही. उभीच होती."

त्यांनी बॉनेट उघडलं आणि बघतच राहिले. "मास्तर, हळद कोणी लावली? लगीन हाय का गाडीचं?"

बाबा गोठ्याकडे बघू लागले. आईनेच सांगून टाकलं, "खांदेमळणीला बैलं धुतली, मंग म्हणले, हिचा खांदा इथंच असंल. चार बादल्या ओतल्या, वरून हळद-लोणी!"

मला शाळेत जाता यावं म्हणून माझ्या वाटचं औतही बाबांनीच हाकलं होतं. माझ्या गाडीची खांदेमळणी ते कशी चुकवतील?

चाचांनी एका सेन्सरची वायर उपसली. आतून पाणी ठिबकलं. चिंधीने पुसलं, फुंकर मारली, बॅटरीची तार काढून ठेवली आणि ओसरीवर बसून पुरणपोळी खाल्ली. मग तार जोडून चावी फिरवली. दिवा क्षणभर लागला आणि विझला.

"पाटील, पुढच्या टायमाला बाहेरूनच अंघोळ घाला," चाचा म्हणाले.

बाबा पिशवी घेऊन पुढे बसले. गाडी अंबडला आली. माझी नजर सारखी दिव्याकडे जाते, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"तू रस्ता बघ," ते म्हणाले, "दिव्याकडं मी बघतो."