डुकरं पळवणारं गाणं

मी एटापल्ली सोडली त्या सकाळी अब्बा एसटीच्या खिडकीखाली उभे होते आणि आमचं भांडण अजून मिटलेलं नव्हतं. अम्मी वर चढून माझ्या मांडीवर डबा ठेवून, डोळे पुसत उतरलीसुद्धा. अब्बा मात्र खिडकीचा गज धरून तसेच उभे. आदल्या दिवशी मी त्यांना फाडकन सांगून मोकळी झाले होते की नोकरी काय, चंद्रपुरातही मिळाली असती. मी बंगळूरला चालले कारण इथे माझ्यासारखं कोणी नाही, जिवाला आवडणाऱ्या गोष्टीबद्दल दोन शब्द बोलावेत असं एकही माणूस नाही. ते त्यांना लागलं होतं. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "कोणीच नाई म्हणतेस, मंग इतके वर्सं ते गाणं कोणाले भरून देत होतीस वो?"

मी तोंड उघडेपर्यंत गाडी वळणावर गेली. बल्लारशापर्यंत मी त्या प्रश्नाला मनातल्या मनात उत्तरं देत बसले. तिथून रेल्वेत बसले आणि मग झोपले.

एटापल्लीकरांनो, तुमच्यापैकी जे तिथेच राहिलात त्यांना आमचं दुकान आठवत असेल, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना तर जास्तच. बाजाराच्या रस्त्यावर, मोबाइल दुरुस्तीचं. तेव्हा गावाबाहेर पडलं की नेटवर्क संपायचं, त्यामुळे आतल्या गावांत गाणी चालत जायची, माणसांच्या खिशातून. बाजाराच्या दिवशी लोक चारोळी, मोहफुलं घेऊन यायचे आणि परत जाताना मेमरी कार्डात गाणी भरून न्यायचे. गाणी भरायला मी बसायची. कॉम्प्युटरवर फोल्डर केलेले होते: गोंडी, तेलुगू, कव्वाली, भीमगीतं, झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी, आणि लग्नात नाचायला डीजे. घरी आम्ही हिंदी बोलतो, पण दुकानात आणि चारचौघांत अब्बा माझ्याशीही मराठीतच बोलत. गिऱ्हाइकासमोर दुसऱ्या भाषेत बोललं की त्याला वाटतं आपल्यालाच नावं ठेवतायत, असं त्यांचं म्हणणं.

ते गाणं आलं गावाजवळच्या निमलष्करी कॅम्पातल्या एका जवानाकडून. शिलाँगकडचा पोरगा होता, फोन पाण्यात पडला म्हणून घेऊन आलेला. त्याच्या कार्डातली गाणी नव्या कार्डात टाकायची होती. काम करता करता मी एक उघडलं आणि तो एकदम खुर्ची पुढे ओढून बसला, म्हणाला, मोठ्या स्पीकरवर लाव. बँडचं नाव 'स्लो कॉमेट्स'. जगभर गाजलेला रॉक बँड, आणि त्यांची सगळी गाणी आकाशातली: ग्रह, धूमकेतू, कुठेतरी पाठवलेली आणि परत न येणारी यानं. हे त्यांच्या एका अल्बमातलं सातवं गाणं. सुरुवातीला कितीतरी वेळ नुसती खरखर, रेडिओची असते तशी. मग दूर कुठेतरी टक, टक, टक. तो म्हणे एका ताऱ्याचा खराच पकडलेला आवाज आहे. मग अचानक ड्रम, एक माणूस हाका मारल्यासारखा गातो, आणि शेवटी गिटार इतकी वर चढते की अंगावर काटा येतो. मला त्यातलं इंग्रजी अर्धंही कळलं नाही. पण त्या दिवशी दुकान बंद करून घरी जाताना मी वर बघत चालले आणि नालीत पाय घातला, एवढं नक्की आठवतं.

तो जवान बदली होऊन गेला. गाणं कॉम्प्युटरमध्ये राहिलं, आणि माझी पंचाईत झाली. एखादी गोष्ट इतकी आवडावी आणि ती सांगायला कोणी नसावं, यासारखा छळ नाही. मैत्रिणींना ऐकवलं तर त्या हसायच्या. मग मी एक युक्ती काढली: कोणाचंही कार्ड भरलं की शेवटी हे एक गाणं फुकट. अब्बांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "टाक. पण पहिले त्याईचे गाणे, मंग तुह्यं." त्यांना वाटलं असेल चार दिवसांचं खूळ आहे.

पुढच्याच बाजाराला लोक कार्ड परत घेऊन आले. "बिघाड हाय याच्यात. शेवटी खरखर येते नुसती." मला हसावं की रडावं कळेना. खरखर हीच तर सुरुवात! मी प्रत्येकाला सांगायची, भाऊ, थांबा थोडं, पुढे ऐका. कोणी थांबायचं नाही. एक म्हातारे तर कार्ड उन्हात वाळवून आले होते. अब्बा त्यांची समजूत घालायचे, हवं तर गाणं काढूनही द्यायचे, आणि मी पुढच्या कार्डात परत टाकायची. असं माझी डिप्लोमाची वर्षं धरून, सुट्टीसुट्टीला, निघेपर्यंत चालू होतं.

बंगळूरला मी स्पीकर बनवणाऱ्या एका कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये लागले. पीजीत राहायचं, कंपनीच्या शटल बसने जायचं, दिवसभर कानाला हेडफोन. आणि इथे आल्यावर कळलं की 'स्लो कॉमेट्स'चे चाहते म्हणजे एक जातच आहे. इतवारी एका कॅफेच्या गच्चीवर ग्रुप जमतो. डेन्झिल नावाचे एक बँकेतले गृहस्थ तो चालवतात, पन्नाशीचे, पोट सुटलेलं, बँडचा टी-शर्ट मात्र अजून जुन्याच मापाचा. पहिल्या दिवशी मी सातव्या गाण्याविषयी बोलायला सुरुवात केली आणि कोणी हसलं नाही. उलट वाद घालायला लागले. ती हाक यान मारतंय की यानाला कोणी मारतंय? मी इतकी खूश झाले की पीजीतलं जेवण चुकलं तरी कळलं नाही. मनात म्हटलं, बघा अब्बा, माणसं इथे आहेत.

मग बँड खरंच इथे आला. मैदान तुडुंब. चाहत्यांची एक रीत आहे: सातवं गाणं सुरू झालं की खरखर संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, टाळी नाही, फोन वर करायचा नाही. एवढी गर्दी आणि नुसती खरखर. शेजारचा पोरगा डोळे मिटून उभा होता, कोणी हात जोडले होते. आणि मला, देवाशपथ, हसू फुटलं. माझ्या डोळ्यांपुढे ते उन्हात वाळवलेलं कार्ड आलं. मी तोंडावर ओढणी दाबली तरी आवाज गेलाच. लोकांनी असे डोळे वटारले की विचारू नका.

नंतर मी डेन्झिलना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे ते गाणं अजूनही तिकडे कोणाकडे असेल?" मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून मात्र डोक्यात भुंगा बसला. शेकड्यांनी कार्डं गेली, कुठल्या कुठल्या गावांत. एका तरी माणसाने खरखरीच्या पुढे ऐकलं असेल का? अब्बांचा खिडकीतला प्रश्न मला तेव्हा टोमणा वाटला होता. आता त्याचं उत्तर हवंच झालं. एक जण जरी सापडला तर मी घराबद्दल जे बोलून निघाले ते खोटं ठरणार होतं, आणि खरं सांगते, मला ते खोटं ठरायला हवं होतं.

धान कापणीला आलं तेव्हा मी रजा काढून घरी गेले. गावही बदललंय. सूरजागडच्या लोहखाणीतून येणाऱ्या ट्रकांची लाल धूळ शटरवर बसते, टॉवर आलेत, पोरं रस्त्यात उभी राहून व्हिडिओ बघतात. मेमरी कार्ड आता कोणी भरत नाही. अब्बा कव्हरं आणि चार्जर विकतात. बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले आणि येईल त्याला विचारत सुटले. जुनं कार्ड आहे का? ते शेवटचं गाणं आठवतं का? कोणी म्हणालं, फोन बदलला तेव्हाच फेकलं. कोणी म्हणालं, "ते खरखरीचं? लग्नात लागलं होतं चुकून, नवरदेवाचा मामा चिडला ना." दुपार कलली. अब्बा मधूनमधून माझ्याकडे बघत होते, ते मला जास्त टोचत होतं. माझा चेहरा उतरलेला त्यांना दिसत होताच.

मग मध विकायला आलेला एक माणूस सहज म्हणाला, "ते टकटकवालं ना? जैनीबाईच्या बांधीत वाजते की रोज. डुकराचं गाणं म्हणते सारं गाव त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी मोटारसायकल काढली. जैनीबाई पन्नाशीची माडिया बाई, एकटीच धान कापत होती. बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, कडेला मचाण, मचाणीवर सोलरची पाटी, आणि तिच्याखाली टांगलेला एक जुना स्पीकर, फोनचं कार्ड बसतं तसला. आमच्याच दुकानातला. अब्बांनी ओळख करून दिली तशी तिने विळा खाली ठेवला आणि मला नीट पाहून घेतलं.

"रानडुकरं सगळ्या गाण्याईले सरावले," ती म्हणाली. "डीजेले सरावले, माणसाच्या वरडण्याले सरावले. याले नाई सरावत. किती वेळ खरखर, अन् कवा ढमकन वाजते, त्याईले उमजत नाई. मंग मी बाकी गाणे काढूनच टाकले."

मी विचारलं, "म्हणजे डुकरांसाठीच? तुम्हाला आवडत नाही?"

"डुकरं पहाटंच्या आधी जाते. त्याच्यानंतर कोणासाठी लावतो मी मंग?" ती हसली. "तो बैल हुडकून राह्यला ना. बैल हरवला त्याचा."

मी थक्क. कुठला बैल? तिने हाताने ठेका धरून दाखवला: टक, टक, टक. ती बैलाच्या गळ्यातली लाकडी घंटा. रान दाट आहे, घंटा ऐकू येते पण बैल दिसत नाही, म्हणून तो माणूस हाका मारत फिरतो. मी तिला सांगितलं की तो ताऱ्याचा आवाज आहे, खरा, यंत्राने पकडलेला.

"ताऱ्याले काऊन आवाज राहीन? तारा का रानात चरते?"

"पण खरंच आहे ते, बाई."

"असंन. पण शेवट चुकला त्याईचा," ती म्हणाली. "बैल सापडते, ढम ढम वाजते, झालं. मंग ती बाई काऊन रडते इतका वेळ?"

रडणारी बाई म्हणजे ती गिटार. माझा सगळ्यात लाडका भाग. मी म्हटलं, तो काढला तर गाण्यात उरलं काय? ती म्हणाली, सारंच उरलं. मी म्हटलं, बैल सापडलेलाच नाही, म्हणून रडते ती. "सापडला नाई तं घंटा काऊन थांबली?" तिने विचारलं. तो ठेका तिथे थांबतो हे मीही ऐकलेलं होतं. मग माझाही आवाज चढला, आणि बोलता बोलता मी कधी "मले नाई पटत, तुमी पुन्हा आयका" वर आले ते मला कळलंच नाही. ज्या गोष्टीसाठी मी घर सोडलं ती गोष्ट मी चिखलात उभी राहून करत होते. आनंद झाला, आणि इतकी वर्षं ही बाई इथेच होती या विचाराने वाईटही वाटलं. अब्बा बांधावर बसून काडीने दात कोरत होते.

निघताना जैनीबाईने फोन पुढे केला. "त्याईचं दुसरं असंन तं टाकून दे. हे पाठ झालं." इतक्या कार्डांत मी गाणं टाकलं, पण मागून घेणारी ही पहिलीच. तिथे उभ्याउभ्याच मी तिला पुरा अल्बम दिला.

तिचं बोलणं तिला विचारून मी रेकॉर्ड केलं होतं. ते इतवारी गच्चीवर लावलं आणि इंग्रजीत सांगितलं. अर्धा ग्रुप तिथल्या तिथे बैलाच्या बाजूला गेला. डेन्झिल मात्र शेवट सोडायला तयार नाहीत. त्यांनी उलट निरोप दिला की जैनीबाईंना सांग, गिटारमधली बाई रडत नाहीये, हसतेय. मी अब्बांना फोन केला, अब्बांनी बाजारात जैनीबाईला सांगितलं. तेव्हापासून हे असंच चालू आहे. बाजार झाला की दुकानातून अब्बांचा फोन येतो, इतवारी इथून उत्तर जातं.

परवा मी शटलमध्ये होते तेव्हा आला. "ती म्हणते, तुह्या दोस्ताईले हसणं-रडणं समजत नाई."

मी म्हटलं, बरं, कळवते. अब्बांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, "अन् बेटा, शेवट मलेबी लांबच वाटते. पहिल्यापासूनच वाटते."

पहिल्यापासून! दुकानात मी ते रोज लावायची आणि ते पाठमोरे बसून चार्जरच्या वायरी जोडायचे. मी समजत होते त्यांच्या कानावरूनच जातंय. मला हुंदका आला आणि त्याच्या पाठोपाठ रागही आला, कारण ते सपशेल चूक बोलत होते. "काऊन लांब वाटते? पूर्ण आयकलं का तुमी कवा?" मी भर शटलमध्ये ओरडले. लोक वळून पाहायला लागले, पाहू देत. ज्या गावात बोलायला कोणी नाही म्हणून मी निघाले, त्या गावाशी भांडायला मला आता आठवडा पुरत नाही.