हनुवटीवरचे तीन ठिपके

लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मी जाणते. आयुष्यभर इतरांच्या घरांतली उत्तरे छापील रकान्यांत भरली. स्वतःचे म्हणावे असे वाक्य कधी लिहिले नाही. सत्तरी ओलांडल्यावर हे धाडस करते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण एका रकान्याविषयी सांगितल्यावाचून आता राहवत नाही.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. मी समाजकार्याचे शिक्षण घेत होते. बालगृहातून आईवडिलांकडे परत गेलेल्या मुलांचे पुढे काय होते, हा आमच्या अभ्यासाचा विषय. मी ठाण्याची, म्हणून ठाणे-कल्याणची घरे माझ्या वाट्याला आली. दारात उभी राहून हाक मारायचीही मला भीड वाटे.

बाळकुमच्या त्या घरी मी भर दुपारी पोहोचले. नवरा मिठागरावर गेला होता. बाई होती, शेजारीण होती आणि सात वर्षांची मुलगी होती. तीन वर्षांपूर्वी कल्याणच्या बाजारात या बाईची मुलगी हरवली होती. चार महिन्यांपूर्वी बाई बालगृहात गेली, या मुलीने धावत येऊन तिला मिठी मारली, आणि अर्ज मंजूर झाला.

मी प्रश्न विचारू लागताच शेजारणीने माझा मोकळा गळा न्याहाळला. "लगीन जाला का तुजा, बाय?" मी नकारार्थी मान हलवली. "मंग पोरांचा काय इचारतेस?" दोघी हसल्या. मीही हसले, आणि त्याच वेळी मुलीकडे माझे लक्ष गेले.

तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते.

कागदपत्रांची पिशवी माझ्या मांडीवर होती. त्यातल्या बाईच्या अर्जात हरवलेल्या मुलीची खूण हीच लिहिली होती: हनुवटीवर तीन ठिपके. सोबत ही मुलगी बालगृहात आली त्या दिवसाचे पान होते. ते मी सकाळीच वाचले होते. माझ्याआधी ते कुणी उघडलेले दिसत नव्हते. 'अंगावर खूण: नाही. गोंदण: नाही. भाषा: समजत नाही.'

आणि आता समोरची मुलगी बाळकुमची बोली अशी बोलत होती, जणू दुसरी कुठली भाषा तिच्या कानांवर कधी पडलीच नव्हती.

गोंदण कधीचे, असे मी विचारले. चार वर्षांची असताना गोंदले, असे बाईने शांतपणे सांगितले. मग मुलगी म्हणाली, "मी लई रडलेले. बाबानी माजे हात धरलेले." ती बोलत असताना बाईचे ओठ आवाज न करता हलत होते. शब्द तेच होते.

मी जवळ सरकले. ठिपक्यांभोवतीची कातडी सुजलेली होती. वर हळदीचा पिवळा डाग होता. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईने त्याच महिन्यात हात गोंदवून घेतला होता. नवे गोंदण कसे दिसते ते मला ठाऊक होते. शेजारीण आता हसत नव्हती. तिघीही माझ्या हातातल्या लेखणीकडे पाहत होत्या.

रकाना होता: 'ओळखीच्या खुणा जुळतात काय?' 'नाही' लिहिले असते तर मुलगी आठवड्याभरात बालगृहात परत गेली असती.

मी 'होय' लिहिले.

निघाले तेव्हा मुलगी मला पोहोचवायला मिठागराच्या बांधापर्यंत आली. उन्हात पांढरी शेते इतकी लखलखत होती की डोळे उघडे ठेववत नव्हते. घराकडे एकदा वळून पाहत तिने हलक्या आवाजात विचारले, "ती परत आली तर मी कुठं जायाचा?"

कोण, असे मी विचारले नाही. ती येणार नाही, एवढेच म्हणाले. ते ऐकून ती हसली. तिच्या हनुवटीवरचे ठिपके ताणले गेले असावेत, कारण लगेच तिने तिथे बोट ठेवले.

पुढे अनेक वर्षे इतर गावांच्या बालगृहांतल्या नोंदवह्या माझ्या हातांखालून गेल्या. 'गोंदण' हा शब्द दिसला की मी पुढचे न वाचताच पान उलटत असे. माझ्या 'होय'मुळे त्या घरची मुलगी सरकारी कागदावर सापडली होती, आणि सापडलेल्या मुलीला कुणी शोधत नाही.

मग जी खरोखर हरवली होती, तिला कुणी शोधायला हवे होते?