गोठलेल्या मातीशी भांडण

कोइवू गावात लेम्पी कार्वोनेनला कुणी ‘नको’ म्हटलं आणि ती थांबली, असं एकदाही झालेलं नाही. लग्न करून ती या घरात आली तेव्हा सासरे म्हणाले होते, बायकांनी लाकूड वाहायच्या ट्रकवर बसायचं नाही. पुढच्याच आठवड्यात ती स्टिअरिंगवर बसली आणि सासरे शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसले.

तो ट्रक गेला आणि तिच्या नवऱ्याने, ओन्नीने, सैन्याच्या मोडीच्या लिलावातून दुसरा आणला. हिरवा, सहा चाकी, दणकट. पण मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला जानेवारीत उणे चाळीस होतं, तेव्हा दणकटपणाला कोण विचारतो? सकाळी इंजिनाचा नुसता दगड झालेला असायचा. मग लेम्पी स्वतः लिलावाला गेली आणि एक लाकडी खोकं घेऊन आली. सैन्याने थंड मुलखातल्या ट्रकसाठी काढलेला हीटरचा संच होता तो, कधी कुणी उघडलासुद्धा नव्हता, एकेक भाग ग्रीस फासलेल्या मेणकागदात गुंडाळलेला. एक लहान हीटर इंजिन आणि बॅटरीसाठी. दुसरा मोठा, डिझेलवर जळणारा. मागे ताडपत्रीखाली बसलेल्या शिपायांना तो जाड कापडी नळ्यातून गरम हवा सोडायचा.

ओन्नी म्हणाला, “आपल्या ट्रकमध्ये मागे बसतंय कोण? लाकडांना थंडी वाजते होय?”

हे वाक्य दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर महिनाभर चघळलं गेलं. लेम्पीने कोठारात एकटीने तो संच बसवला. पहिल्यांदा पेटवला तेव्हा एक भुवई जळाली. दुसऱ्यांदा पेटवला तो पिठाच्या गिरणीसारखा गरजत चालू झाला. त्या जानेवारीत टेबलावर हसणाऱ्यांच्या गाड्या एकेक करून गोठल्या, आणि लेम्पी दारोदार जाऊन तो नळा त्यांच्या बॉनेटखाली खुपसत हिंडली. प्रत्येकाला विचारायची, “लाकडाला थंडी वाजली का रे?”

तिचं खरं वैर होतं ते थोरल्या जावेशी. सायमा आणि ती, दोन घरं, मधे एकच अंगण, आणि चाळीस वर्षांचा हेवादावा. सायमाला त्या हीटरच्या आवाजाचा मनस्वी तिटकारा. माझ्या कोंबड्या अंडी देईनात, माझं डोकं उठतं, अशी तक्रार ती नवऱ्याकडे करायची, तो भावाकडे, भाऊ लेम्पीकडे. उत्तर त्याच वाटेने परत जायचं, मात्र वाटेत पुरुष ते जरा सौम्य करायचे. एका हिवाळ्यात सायमाचं घर तापवणारी भट्टी बंद पडली. लेम्पीने न विचारता ट्रक आणला, स्वयंपाकघराची खिडकी वर केली आणि नळा आत घातला. सायमा कोट घालून भिंतीकडे तोंड करून बसली. आभार नाहीत, काही नाही. लेम्पी निघाली तेव्हा मात्र सायमाने दारात वेलदोड्याचा गोड पाव ठेवला होता, आणि लेम्पीने तो उभ्या उभ्या खाल्ला.

ओन्नी जुलैत गेला. “शहाणा माणूस,” लेम्पी म्हणायची, “जमीन मऊ असताना गेला.” सायमाचा नवरा उर्हो गेला नोव्हेंबरात. इकडे एकदा माती गोठली की कबर खणत नाहीत. मढं शहरातल्या कोठीत कुलपात ठेवतात आणि बर्फ वितळल्यावर मे महिन्यात पुरतात. सगळ्यांचंच असं होतं, कुणी त्याबद्दल बोलत नाही. सायमा दर शनिवारी थर्मासात कॉफी घेऊन शहरात जायची आणि त्या कोठीच्या बंद दारापाशी बसून यायची. मे महिन्यात पुरायच्या वेळी ती जी कोसळली ती परत धड उभी राहिलीच नाही.

या जानेवारीत तिने अंथरूण धरलं. लेम्पीला तिने स्वतः बोलावून घेतलं, मधे कुणी पुरुष न घालता.

“तो हिवाळाभर मी धड विधवाही नव्हते गं,” सायमा म्हणाली. “नवरा मेलाय पण गेला नाहीये. मला नका ठेवू त्या कुलपात. माझ्या पोराला, डेलला, पुन्हा पुन्हा रडायला लावू नका. उर्होशेजारी टाका मला, लगेच.”

“टाकते,” लेम्पी म्हणाली. “तू फक्त वेळेवर मर.”

सायमा हसली म्हणे. मी तिथे नव्हतो, पण लेम्पी खोटं बोलत नाही. रविवारी सायमा गेली. जुन्या रीतीप्रमाणे लेम्पीने तिला सौनात, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघरात, नेऊन अंघोळ घातली, पेटीत ठेवलं आणि सौना थंडच ठेवून दार लावलं.

मग ती कबरस्तानाच्या समितीचा प्रमुख रूडी नीमी याच्याकडे गेली. रूडी दुष्ट नाही. नियम म्हटला की त्याला बरं वाटतं, एवढंच. तो म्हणाला, हिवाळ्यात कुदळ लावायची नाही हे आपल्या आजोबांपासून ठरलंय, आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील.

“मागू देत की,” लेम्पी म्हणाली.

“लेम्पीबाई, शुक्रवारी शहरातून गाडी येईल. पेटी कोठीत जाईल. विषय संपला.”

आणि तेवढ्यावर न थांबता त्याने पुढच्या फाटकाला साखळी घातली. हे मात्र त्याने करायला नको होतं. लेम्पीने ट्रकला पुढे बर्फाचा नांगर जोडला, मागच्या कुरणातून कमरेएवढा बर्फ फोडत वाट काढली आणि मागच्या बाजूने आत शिरली.

सायमाचा मुलगा डेल मिनिआपोलिसहून आला होता. हाताला फोड न आलेला, मऊ माणूस. तो म्हणाला, “काकू, आधी बर्फ साफ करून दगडांवरची नावं वाचूया ना.” आमच्याकडे थडग्याचे दगड जमिनीत सपाट बसवतात, हिवाळ्यात त्यातला एकही दिसत नाही. पण काकू कसली ऐकतेय.

“माझी माणसं कुठे झोपलीत ते मला दगडाला विचारावं लागेल? कुंपणापासून दुसरी जागा. चल, पत्रा धर.”

जुनी तेलाची टाकी उभी चिरून तिने तिचं झाकण केलं होतं. ते बर्फ काढलेल्या जमिनीवर पालथं घातलं, कडेने बर्फ थापला आणि आत नळा खुपसला. हीटर गरजायला लागला. काही तास तापवायचं, वीतभर खणायचं, पुन्हा झाकण घालायचं. माती वरून चिखल आणि खाली लोखंड. डेलच्या हाताला फोड आले, फुटले, तरी तो हटला नाही. गाव लांबून बघत होतं. रूडीच्या धाकाने जवळ कुणी येईना. रूडी स्वतः फाटकापलीकडे गाडीत बसून होता, अर्थात हीटर लावून.

गुरुवारी सकाळी खड्डा छातीएवढा झाला, गोठलेला थर फुटला आणि खाली मऊ माती लागली. डेल आनंदाने काठावरचा बर्फ हाताने सारायला लागला, बापाचं नाव बघावं म्हणून. दगड उघडा झाला आणि त्याने नाव दोनदा वाचलं.

“काकू,” तो म्हणाला, “हा ओन्नीकाकाचा दगड आहे.”

लेम्पीने कुंपणापासून जागा पुन्हा मोजल्या. चार जागा एका ओळीत होत्या. पुढच्या कुंपणाकडून उर्हो, मग सायमाची, मग लेम्पीची, मग ओन्नी. आणि ती शिरली होती मागून. मागच्या कुंपणापासून दुसरी जागा तिची स्वतःची होती. चार दिवस घाम गाळून बाईने आपलीच कबर खणली होती.

तिने ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. पहिली स्वतःला, दुसरी ओन्नीला, तो का निजलाय तिथे म्हणून. डेल हळूच म्हणाला, “काकू, आईला इथेच ठेवूया. तिची जागा शेजारीच तर आहे.”

“तिला उर्होशेजारी टाकते म्हणालेय मी. आयुष्यभर मला शेजारी सहन केलं, आता माझ्या नवऱ्याशेजारी झोपेल?” आणि झाकणाचं एक टोक उचलत म्हणाली, “सरकव इकडे.”

पण टाकीत डिझेल उरलं नव्हतं. दुकानाचा पंप रूडीच्या भावाचा, त्याने काल ‘संपलं’ म्हणून सांगितलेलं. डेल रस्त्यावर गेला. तो कुणाला काय म्हणाला ते ठाऊक नाही. बहुतेक काही बोललाच नसेल, नुसते हात दाखवले असतील. दुपारी पहिला कॅन आला. मग दुसरा. लोकांनी घरातल्या भट्टीच्या टाकीतून नळीने तेल ओढून आणलं होतं. मागच्या कुरणाच्या वाटेने एकामागून एक माणसं खांद्यावर कुदळ टाकून येत होती. एकदा लेम्पीने ज्यांच्या बॉनेटखाली नळा घातला होता तेही आले आणि ज्यांच्या नव्हता घातला तेही. खालची माती आधीच्या खड्ड्यामुळे अर्धी मऊ झाली होती, आणि आता खणायला दहा जण होते. मधे हातभर भिंत ठेवून त्यांनी दुसरी कबर खाली नेली.

शुक्रवारी शहरातली गाडी आली. तिच्या ड्रायव्हरला कुणीतरी कॉफी पाजली आणि रिकामीच परत पाठवली. पाठोपाठ सायमा उर्होशेजारी उतरली. डेल रडला, पोटभर, एकदाच. लेम्पीने पहिली मूठ टाकली आणि हीटर बंद केला नाही. म्हणाली, ऐक म्हणावं अजून थोडा वेळ.

लोक पांगले तेव्हा रूडी साखळी काढून आत आला. सोबत फावडं होतं. तो रिकाम्या खड्ड्यापाशी गेला आणि मातीच्या ढिगाला हात घालणार, तेवढ्यात लेम्पी मधे उभी राहिली.

“फावडं खाली ठेव.”

“लेम्पीबाई, झालं ना तुमच्या मनासारखं? निदान हा तरी बुजवू द्या. असा उघडा खड्डा ठेवता येत नाही.”

“जागा कुणाची?”

“तुमची.”

“मग माझ्या जागेला हात लावायचा नाही. फळ्या आणते, वर टाकते. आत कुणी पडणार नाही.”

रूडीने खड्ड्यात वाकून पाहिलं, मग तिच्याकडे. तो खरंच गोंधळला होता.

“अहो, पण किती दिवस ठेवायचा हा असा?”

“मी येईपर्यंत,” लेम्पी म्हणाली.