रिठ्याच्या पाण्यातला पंजा

सोलापूरचं नाव निघालं की मला आधी ती दुपार आठवते. सत्तरच्या दशकात मी नवी पेठेजवळच्या चौकीत फौजदार होतो. मोहरमचे दिवस होते. एक तरुण मुजावर धापा टाकत आला. मोहरमचे पंजे बसवतात त्या आशुरखान्यातला चांदीचा पंजा नाहीसा झाला होता आणि संध्याकाळी त्याचीच सवारी निघायची होती. वडील वारल्यावर तो नुकताच मुंबईहून परतून त्यांची जागा सांभाळत होता.

तासाभरात खबऱ्याने सांगितलं, कपाळाला विभूती लावलेला एक म्हातारा फडक्यात काहीतरी गुंडाळून नेताना दिसला. तो पेठेतला लिंगायत, चांदीच्या दुकानाचा मालक निघाला. झडती घेतली तर पंजा घमेल्यात, रिठ्याच्या पाण्यात! आमच्या शिपायाने पाणी गटारात ओतलं आणि मुद्देमाल चौकीत आणला.

बातमी फुटली. चौकीसमोर दोन्हीकडचे लोक जमले, काहींच्या हातात काठ्या होत्या. आत म्हातारा एक शब्द बोलेना. दरडावलं, समजावलं, चहा दिला, तोही घेईना.

"मुका आहे का हा?" मी विचारलं.

"कुटला मुका, साहेब? गिऱ्हाइकाला बोलू देत न्हाय की," सोबत आलेला शेजारचा दुकानदार म्हणाला.

माझं डोकं तापलं होतं, पण एक गोष्ट खटकत होती. चोर माल लपवतो, वितळवतो. हा धूत बसला होता. मी मुजावराला घेऊन मुजावराच्याच घरी गेलो. त्याची आई नवऱ्यामागची इद्दत पाळत, परक्या पुरुषासमोर न येता आतल्या खोलीत होती. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. लेकाने आईला न विचारता सरळ चौकी गाठली होती.

पडद्याआडून ती म्हणाली, "पंजा उनोच धोते साब, बाप-दादा से. धोके बिठाए तलक उपास रहता, बात नई करते. चाबी मैंइच भिजाई."

चौकीच्या पायरीवर मी हे मोठ्याने सांगितलं: पंजा पिढ्यान्‌पिढ्या हेच धुतात, तो बसेपर्यंत उपास आणि मौन पाळतात, आणि आशुरखान्याची किल्ली मुजावराच्या आईनेच पाठवली होती. मुजावराने म्हाताऱ्याचे हात धरले, डोळ्यांना लावले. म्हाताऱ्याने नुसतं रिकाम्या घमेल्याकडे बोट दाखवलं. आम्ही चौकीच्या स्टोव्हवर रिठे उकळले. भांडायला आलेले लोक पाणी ओतू लागले, फडकी पिळू लागले. काठ्या भिंतीला टेकल्या होत्या.

दिवेलागणीला आशुरखान्यात पंजा बसला, म्हाताऱ्याचं मौन सुटलं. तो पहिल्यांदा आमच्या शिपायाकडे वळला. "लेका, तयार पानी वतलंस तवा तोंडाशी आल्याली शिवी गिळली म्या."

हसत हसतच सवारी निघाली, मुजावर आणि म्हातारा खांद्याला खांदा लावून. वर्दीत होतो, तरी मला आनंदाने भरून आलं.

पुढे शांतता समितीच्या पुष्कळ बैठका घेतल्या. प्रत्येक ठिकाणी एकच सांगत आलो: चौकीची पायरी चढण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा. शेजाऱ्यांचं नातं तिला ठाऊक असतं.