साबण कोणी उघडेना

घडीमावशीला घडीमावशी हे नाव तिच्या थोरल्या बहिणीने ठेवलं, आणि ते असं काही चिकटलं की खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. कारण साधं. मावशीच्या हाती कागदाचा कपटा लागला की त्याची घडी झालीच म्हणून समजा. बसचं तिकीट, औषधाच्या डबीतला तो बारीक अक्षरांचा कागद, दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत हातात धरलेली पावती, काहीही. समोरचा माणूस आपली कहाणी सांगत असतो, मावशी "हो का", "अगं बाई" आणि "मग" एवढ्याच तीन शब्दांवर त्याला पुढे ढकलत असते, आणि तिकडे टेबलाखाली बोटांनी त्या पावतीचं सुबक पाकीट केलेलं असतं. डॉक्टरांनी पावती मागितली तर पाकीटच पुढे येतं.

आता याला कोणी खोड म्हणेल, पण हीच तिची नोकरी होती. शहरातल्या एका मोठ्या दुकानात, जिन्याखालच्या अरुंद जागेत, भेटवस्तू बांधून देण्याचं काउंटर होतं. वेणी घालायच्या वयापासून केस पिकेपर्यंत मावशी त्या काउंटरमागे उभी. गोल डबा आणा, लांब छत्री आणा, एकदा तर कोणी तीनचाकी सायकल आणली. मावशीने कशाला नाही म्हटलं नाही. तिचे नियम कडक. चिकटपट्टी दिसता कामा नये. कोपरा फुगता कामा नये. कागदावरचं अर्धं फूल जिथे संपतं तिथेच दुसऱ्या बाजूचं अर्धं येऊन भेटलं पाहिजे. आणि एवढं करून व्हायचं काय? ज्याच्यासाठी बांधलं तो दोन्ही हातांनी खर्रकन फाडणार. कधी कधी तर तिच्या डोळ्यांदेखत. "बघू दे ना, बघू दे ना" करत पोरगं काउंटरसमोरच कागदाच्या चिंध्या करायचं, त्याची आई "थांब रे, घरी जाऊन" म्हणेपर्यंत सगळा खेळ खलास. मावशी हसून पुढचा कागद ओढायची. घरी आल्यावर मात्र नवऱ्याला म्हणायची, "एकाने तरी, अहो, एकाने तरी तो कागद जपून ठेवावा."

"हळू," काका म्हणायचे. "मनाला लावून घेऊ नकोस. गिअर बदल."

काका गाडी शिकवण्याच्या शाळेत मास्तर. सगळी हयात नवशिक्यांच्या शेजारी बसून, पायाखाली जादा ब्रेक धरून गेलेली. त्यामुळे त्यांची भाषाही रस्त्यावरचीच. दूध वर यायला लागलं की ते गॅसपाशी उभे राहून दुधालाच सांगतात, "हळू, हळू, पुढे वळण आहे."

मग दुकानाने छापील पिशव्या आणल्या. वस्तू आत टाकली, बंद ओढले, झालं. जिन्याखालचं काउंटर बंद पडलं आणि मावशी कोरडी, चिरा पडलेली बोटं घेऊन घरी आली. दिवसभर कागद हाताळला की कागद बोटांतलं तेल पिऊन टाकतो. त्या बोटांपायी तर ती आधीपासून घरी साबण करत होती. तेलं वजन करून घ्यायची, खिडकी सताड उघडून, हातमोजे चढवून कॉस्टिक सोड्याचं पाणी बेताबेताने कालवायचं, मिश्रण दाट झालं की लाकडी साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी तारेने वड्या पाडायच्या. तेवढ्याने भागत नाही. पुढे महिनाभर त्या वड्या वाळल्या पाहिजेत, मधूनमधून कूस बदलून. त्यासाठी पुस्तकांचं कपाट रिकामं झालं आणि पुस्तकं पलंगाखाली गेली.

"माझ्या पोरांची एवढी कूस मी बदलली नाही," थोरली म्हणायची.

आता वेळच वेळ होता. मावशीने संत्र्याच्या सालीचा एक आणि पुदिन्याचा एक असे दोन साबण रुमालात घेतले आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरसजावटीच्या दुकानात गेली. तिथल्या दुकानवाल्या बाई प्रत्येक वाक्याला शेपूट लावतात. "वास छान आहे, आं? फेसही छान येत असणार, आं? पण दिसतो कसा सांगू का? फरशी बसवून उरलेल्या तुकड्यासारखा, आं?"

मावशी पडलेल्या चेहऱ्याने रुमाल आवरायला लागली.

"अहो, ऐका तर. सजवून आणा, आं? दारासमोरची ही फळी देते. महिनाअखेरपर्यंत बघू. माल चालला तर फळी कायमची तुमची, नाही तर तो मेणबत्तीवाला याच फळीसाठी माझ्या डोक्यावर बसलाय, आं?"

मावशी दुकानातून घरी चालत आलीच नाही, तरंगत आली. सजवून आणा! आणि हे कोणाला सांगितलं, तर तिला. जिन्याखाली दुसऱ्यांच्या छत्र्या नि खेळणी बांधण्यात आयुष्य गेलं, आता पहिल्यांदा आत तिची वस्तू आणि बाहेरही तिचीच कला. जेवणाचं टेबल कागदांनी भरलं, काकांनी ताट मांडीवर घेतलं. प्लास्टिक तिने आधीच बाद केलं, कारण प्लास्टिकमध्ये साबणाला घाम फुटतो. आत पातळ बटर पेपर. त्यावर जाडसर रंगीत कागद, संत्र्याला केशरी, पुदिन्याला पोपटी. आणि दोन्ही टोकांना तिने अशा काही बारीक चुण्या घातल्या की पंखा मिटावा तशा त्या गोल फिरत मधोमध येऊन मिळत होत्या. त्या बिंदूवर एक इवलासा गोल कागद. कुठे सांधा नाही, कुठे चिकटपट्टी नाही. थोरलीने एक उचलून कानाशी हलवून बघितला.

"आत काय आहे, हिरा?"

"साबण."

"मग साबणाला सांग, असा थाट पुन्हा मिळायचा नाही."

कपाटात वाळून तयार असलेल्या वड्यांनी फळी भरली आणि बघता बघता रिकामी झाली. दुकानवाल्या बाईंचा फोन आला, "संपले की हो, आं?" तेव्हा मावशी स्वयंपाकघरात स्वतःभोवती एक गिरकी घेऊन ओट्यावर आपटली. काका म्हणाले, "बघून. मागून कोणी येतंय का ते बघून वळावं." पुन्हा फळी भरली. तीही संपली. तिसऱ्या खेपेचा माल मात्र जागचा हलेना.

मावशी दुकानात गेली तेव्हा बाईंनी तिला बाजूला घेतलं. "ज्यांना घ्यायचा त्यांनी घेतला, आं? पण परत कोणी येत नाही. साबण म्हणजे कसं, झिजला की माणूस परत आला पाहिजे. आवडला नसेल, आं? वाईट वाटून घेऊ नका, पण महिनाअखेरीला मी मेणबत्तीवाल्याला हो म्हणणार."

आवडला नसेल. हे मावशीला असं लागलं की घरी येऊन ती थेट नळाखाली. हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. काकांना आंघोळ झालेली असताना परत आंघोळीला पिटाळलं आणि दाराबाहेरून विचारलं, "कसाय?"

"पिकअप चांगला आहे," आतून आवाज आला.

"नीट सांगा हो."

"नीटच सांगतोय. फेस पटकन येतो, अंग चरचरत नाही. आता बाहेर येऊ का, की अजून एक फेरी मारू?"

मग गडबड आहे कुठे? तडक उठून ती थोरलीकडे गेली. थोरलीने पहिल्याच खेपेला हौसेने साबण घेतले होते. निदान ती तरी तोंडावर खरं सांगेल, तिने आयुष्यात दुसरं केलंय काय. दारातून आत पाऊल टाकलं आणि मावशीची नजर काचेच्या कपाटावर गेली. तिथे कधीही न वापरलेला कपबशांचा संच होता, जावयाने दिलेलं घड्याळ होतं, आणि त्यांच्या मधोमध, पुढच्या रांगेत, केशरी आणि पोपटी.

"हे इथे काय करतायत?"

"दिसतायत ना छान? परवा विहीणबाई आल्या होत्या, त्या विचारत होत्या कुठून आणले म्हणून."

"अगं, पण अंगाला लावलास का?"

"लावू?" थोरली अशी बघायला लागली जणू मावशीने तिला घड्याळ भिजत घालायला सांगितलं. "हे फाडून? वेडबिड लागलं की काय तुला? या चुण्या बघ. माझा हात धजेल का?"

मावशी तशीच उलट्या पावली निघाली, थोरली चपला शोधत तिच्या मागे. शेजारच्या शिक्षिकाबाईंकडे साबण देवघरात नव्हता एवढंच, बाकी मान तोच. अभ्यासाच्या टेबलावर शोभेला. शिंप्याने दुकानातल्या आरशाखाली ठेवलेला, गिऱ्हाइकांना दाखवायला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी साड्यांत ठेवलेला, आणि वर मावशीलाच सुनावलं, "उघडायचा कसला गं, नातीच्या लग्नात देईन." ती नात तिथेच रांगत होती.

प्रत्येक दारातून बाहेर पडताना मावशीचं पाऊल आणखी हलकं व्हायचं. जिन्यात तर तिला हसू आवरेना. साबण वाईट नव्हता! साबणाला अजून पाणीच लागलं नव्हतं. पण जिना उतरता उतरता हसणं थांबलं आणि ती शेवटच्या पायरीवर मटकन बसली.

"आता काय झालं?" थोरली.

"जन्मभर म्हणत होते ना, कोणीतरी माझा कागद जपून ठेवावा."

"मग? अख्खी गल्ली जपून ठेवतेय की."

"त्यानेच तर मी बुडतेय."

थोरली तिच्या शेजारी टेकली. गबाळं बांध, असं म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण बहिणीच्या हातांकडे बघून तिने ते गिळलं. त्याऐवजी तिची नजर मावशीच्या बाहीवर गेली. "हे काय लोंबतंय?" म्हणत तिने बाहीचा सुटलेला दोरा धरला आणि ओढला. सर्रकन अर्धी शिवण उसवली.

"ओढलास कशाला?"

"लोंबत होता."

"लोंबत होता म्हणून ओढायचा?"

"लोंबता दोरा माणूस ओढणार नाही तर काय करणार? हात आपोआप जातो."

मावशीने एकदा बाहीकडे बघितलं, एकदा थोरलीच्या चिमटीकडे. मग उठली आणि अशी सुटली की थोरलीला हाक मारायचीही उसंत मिळाली नाही.

त्यानंतर घरात नुसते दोरे. शिवणाचा दोरा ओढला की तुटायचा. सुतळीने चुण्यांचा चुराडा व्हायचा. लोकरीला ताकदच नव्हती. शेवटी चामड्याच्या पिशव्या शिवतात तो मेण लावलेला दोरा सापडला. बटर पेपर आणि वरचा कागद यांच्या मधून तो साबणाला एक वेढा घालून न्यायचा, चुण्या घालायच्या, आणि फक्त बोटभर शेपूट बाहेर ठेवायचं, टोकाला एक गाठ मारून. परीक्षेला काका बसले.

"कुठल्या दिशेने ओढू? खुणेची पाटी नाही."

"पाटी नकोच. मनाला येईल तसं ओढा."

काकांनी ओढलं. कागद वाकडातिकडा फाटला, एक चुणी तोंड वासून राहिली. मावशीने वेढा जरा खाली घेतला. परत तेच. मग तिने साबणाच्या कडेवरूनच दोरा नेला आणि यावेळी स्वतः चिमटीत धरला. आपल्याच हाताने आपली चुणी फाडायची! डोळे मिटून ओढलं. सर्रर्र, आणि पेटीचं झाकण निघावं तसा कागद सरळ रेषेत उघडला. चुण्या शाबूत. आतून संत्र्याचा वास भपकन नाकावर आला. तो आवाज परत ऐकावासा वाटला म्हणून तिने लगेच दुसरा उघडला. मग तिसरा.

"ब्रेक," काका म्हणाले. "विकायला ठेव काहीतरी."

नवा माल घेऊन ती दुकानात पोचली तेव्हा महिना सरत आला होता. बाईंनी एक नग उचलला. "आणि हे शेपूट कसलं, आं?" असं विचारता विचारताच त्यांनी ते ओढलंसुद्धा. सर्रर्र. बाई दचकल्या, मग हसल्या, मग साबण नाकाशी नेला आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्या वाक्याला शेपूट उरलं नाही. "हा मी घरी नेते," एवढंच म्हणाल्या.

त्या आठवड्यात दुकानात जो शिरेल तो दाराशीच थबकायचा. हातात पिशवी, बोलणं तिसऱ्याच विषयावर, आणि बोटं दोऱ्याकडे. सर्रर्र. "अरेच्चा, उघडला." उघडलेला परत ठेवणार कसा? घ्यावाच लागायचा. आणि उघडलाच आहे तर आता शोभेला ठेवणार कसा? लावावाच लागायचा. बाईंनी फळीवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली, "दोरा ओढलात तर साबण तुमचा, आं?" थोरलीने तर कपाटातले जुने दोन्ही आणून मावशीसमोर आपटले. "याला दोरे लावून दे. विहीणबाईंसमोर ओढून दाखवायचेत."

पण फळीचा निकाल विक्रीवर लागायचा नव्हता. परत कोण येतं, त्यावर होता. आठवडा सरला, नव्या खेपेतला साबण नेलेलं कोणीच परत आलं नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मावशी सकाळपासून दुकानात उभी. मेणबत्तीवाला खोकं घेऊन दारात हजर, नजरेने फळी मोजत. बाई हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसलेल्या, मावशीकडे बघायचं टाळत.

दुपार कलली तेव्हा एक नर्स धापा टाकत आत आली. "तो पोपटी आहे का हो? दिवसभर हात धुवावे लागतात, कातडी सोलवटून जाते. हा नेला, तर वॉर्डातल्या सगळ्याजणी माझाच वापरायला लागल्या. एवढासा उरलाय." तिने चिमूट दाखवली. "मला एक, त्यांच्यासाठी जेवढे असतील तेवढे."

बाईंनी वही मिटली. "मेणबत्तीवाले, तुम्हाला आतली फळी चालेल, आं?"

मावशीला बोलायचं खूप होतं, पण बाहेर आलं ते फक्त "हो का" आणि "अगं बाई". तिने फळीवरचे सगळे साबण गोळा केले आणि ते एकत्र बांधायला कागद पसरला.

"बांधू नका हो," नर्स म्हणाली. "उशीर होतोय. द्या असेच."

आणि तिथेच उभं राहून तिने एकामागून एक दोरे ओढले, कागद काउंटरवर ढकलले आणि उघडेबोडके साबण एप्रनच्या खिशांत कोंबून धावत सुटली. मावशी त्या कागदांच्या ढिगाकडे बघत राहिली. काउंटरभर चुण्या. तिला इतका आनंद झाला होता की तो कोणाला तरी वाटल्याशिवाय राहवेना, आणि समोर होता तो खोकं उचलून आतल्या फळीकडे निघालेला मेणबत्तीवाला.

"अहो, एक विचारू का?" मावशी म्हणाली. "तुमच्या मेणबत्त्या लोक पेटवतात का हो?"

मेणबत्तीवाला थांबला. त्याने खोकं हळूच खाली ठेवलं.